साखळी सरहद्दीपाशी थांबली तेव्हा : बेलारूस, २०२० ते २०२५

२३ ऑगस्ट २०२० च्या संध्याकाळी लिथुआनियाची राजधानी व्हिल्नियस इथल्या कॅथेड्रल चौकातून माणसांची एक रांग सुरू झाली. ती तीसेक किलोमीटर लांब गेली आणि मेडिनिंकाय या सरहद्दीवरच्या गावापाशी थांबली. सुमारे ५० हजार माणसं रस्त्याच्या कडेनं हातात हात धरून उभी होती. त्यांत देशाचे राष्ट्राध्यक्ष गितानस नौसेदाही होते. हातातले पांढरे-लाल-पांढरे झेंडे मात्र लिथुआनियाचे नव्हते, शेजारच्या बेलारूसमधल्या आंदोलकांचे होते. त्याच रंगांचे फुगे आकाशात सोडले गेले, तर ते अडवायला बेलारूसनं लष्करी हेलिकॉप्टर पाठवलं. लिथुआनियानं हवाई हद्दीच्या उल्लंघनाबद्दल रीतसर निषेध नोंदवला. फुग्यांवर हेलिकॉप्टर सोडणारी राजवट मनातून किती धास्तावलेली होती, हे त्या संध्याकाळी सगळ्या जगाला दिसलं.

ही तारीख मुद्दाम निवडलेली होती. बरोबर ३१ वर्षांपूर्वी, २३ ऑगस्ट १९८९ रोजी, एस्टोनिया, लाटविया आणि लिथुआनियातल्या सुमारे २० लाख लोकांनी टालिन ते व्हिल्नियस अशी ६०० किलोमीटरहून लांब मानवी साखळी केली होती. हिटलर आणि स्टालिन यांनी ज्या करारानं पूर्व युरोप आपसांत वाटून घेतला, त्याला त्या दिवशी ५० वर्षं पूर्ण होत होती. १९८९ साली ऐन तारुण्यात त्या साखळीत उभी राहिलेली पिढी २०२० मध्ये पन्नाशी-साठीत पोहोचली होती. शेजाऱ्यासाठी पुन्हा रस्त्यावर येताना आपण कशासाठी उभे आहोत, हे त्यांना कुणी समजावून सांगायची गरज नव्हती.

पण साखळी सरहद्दीपाशी थांबली, आणि हे प्रकरण लिहावंसं वाटलं ते त्यामुळेच. बाहेरून दिलेला हात सरहद्द ओलांडून आत पोहोचतो का, कोणत्या वाटेनं पोहोचतो, आणि पोहोचल्यावर त्याचं मोल कोण चुकवतं? गेल्या काही वर्षांतल्या आंदोलनांपैकी बेलारूसमध्ये या प्रश्नांची उत्तरं सर्वांत स्पष्ट सापडतात, असं मला वाटतं.

बूट काढून बाकावर उभी राहिलेली माणसं

पार्श्वभूमी थोडक्यात सांगतो. २०२० साली बेलारूसची लोकसंख्या होती सुमारे ९४ लाख. १९९४ पासून राष्ट्राध्यक्ष एकच, अलेक्झांडर लुकाशेन्को. २०२० च्या वसंतात कोरोना आला तेव्हा त्यांनी लोकांना व्होडका, सौना आणि शेतातला ट्रॅक्टर हे उपाय सुचवले. सरकारनं हात वर केल्यावर लोकांनी स्वतः वर्गणी काढून डॉक्टरांसाठी मास्क आणि संरक्षक पोशाख विकत घेतले. या मोहिमेतून अनोळखी माणसांना एकमेकांवर विश्वास ठेवून पैसे गोळा करायची आणि चोख हिशेब द्यायची सवय लागली. पुढची सगळी कथा या सवयीवर उभी आहे, म्हणून ती लक्षात ठेवावी.

त्या वर्षीच्या निवडणुकीत लोकप्रिय इच्छुक एकेक करून बाजूला केले गेले. ब्लॉगर सर्गेई त्सिखानोवस्की मे महिन्याच्या अखेरीस आणि बँकर व्हिक्टर बाबारिको जूनमध्ये तुरुंगात गेले, तर वॅलेरी त्सेपकालो यांचा अर्जच नाकारला गेला. मग सर्गेई यांच्या पत्नी स्वेतलाना उभ्या राहिल्या. बाबारिको यांच्या प्रचारप्रमुख मारिया कोलेस्निकोवा आणि त्सेपकालो यांच्या पत्नी वेरोनिका त्यांच्या सोबत आल्या. एकीची मूठ, दुसरीनं हातांनी केलेलं हृदय आणि तिसरीची विजयाची दोन बोटं, असं तिघींचं चित्र महिनाभरात देशभर पोहोचलं.

९ ऑगस्टला मतदान झालं. सरकारी निकाल असा : लुकाशेन्को ८०.१ टक्के, त्सिखानोवस्काया १०.१ टक्के. त्याच रात्री लोक रस्त्यावर आले. पहिल्या काही दिवसांतच सहा हजारांहून अधिक जणांना पकडलं गेलं आणि देशातलं इंटरनेट तीन दिवस जवळपास बंद होतं. राजधानी मिन्स्कमधल्या अक्रेस्तसिना रस्त्यावरच्या कोठडीतून सुटलेल्या लोकांनी अंगावरचे काळेनिळे वळ कॅमेऱ्यासमोर दाखवले. १० ऑगस्टला अलेक्झांडर ताराईकोव्स्की यांचा मृत्यू झाला. त्यांच्या हातातच स्फोटक फुटलं, असं सरकारनं सांगितलं. प्रत्यक्षात ते रिकाम्या हातानं पोलिसांकडे चालत येताना चित्रफितीत दिसतात. १२ ऑगस्टला मिन्स्कच्या कोमारोव्का बाजाराजवळ पांढरे कपडे घातलेल्या बायका हातात फुलं घेऊन रांगेत उभ्या राहिल्या आणि हिंसेनं हादरलेलं आंदोलन त्या रांगेमुळे पुन्हा उभं राहिलं. १६ ऑगस्टच्या मिन्स्कमधल्या सभेला जमलेल्या गर्दीचा अंदाज दोन लाखांपर्यंत जातो.

त्या दिवसांतलं एक दृश्य मी विसरू शकत नाही. मोर्चातली माणसं नीट दिसावं म्हणून रस्त्याकडेच्या बाकांवर चढत, आणि चढण्याआधी पायातले बूट काढून खाली ठेवत. समोर ढाली घेतलेले पोलीस उभे असताना त्यांना सार्वजनिक बाक खराब होऊ द्यायचा नव्हता. आपल्या मालकीच्या वस्तूची काळजी घ्यावी तशी ती माणसं देशाची काळजी घेत होती.

घाईची मदत आणि सावकाश आलेली मदत

मतदानानंतर दोनच दिवसांत स्वेतलाना यांना देश सोडून लिथुआनियात जावं लागलं. त्यांची दोन्ही मुलं आधीच बाहेर पाठवलेली होती. लिथुआनियानं त्यांना आसरा दिला, आणि पळून येणाऱ्या इतरांसाठीही सरहद्दीचं दार उघडलं. पोलंडनं मानवतावादी व्हिसा दिले. या दोन्ही देशांकडे त्या आठवड्यात नवीन काही उभारायची वेळ आली नाही, कारण बरंचसं आधीपासून तयार होतं. २००४ साली मिन्स्कमध्ये बंद पाडलेलं युरोपियन ह्युमॅनिटीज विद्यापीठ २००५ पासून व्हिल्नियसमध्ये चालू होतं. आंदोलनामुळे विद्यापीठातून काढून टाकलेल्या विद्यार्थ्यांसाठी पोलंडची कालिनोव्स्की शिष्यवृत्ती २००६ पासून होती. बेलारूसी भाषेत बातम्या देणारी बेलसॅट वाहिनी २००७ पासून पोलंडमधून चालत होती. जगाचं लक्ष बेलारूसकडे नव्हतं, त्या कोरड्या वर्षांत शेजाऱ्यांनी केलेली ही तजवीज २०२० मध्ये कामी आली. घर पेटल्यावर विहीर खणायला घेऊन आग विझत नाही, हे पोलंड आणि लिथुआनियाला स्वतःच्या इतिहासातून ठाऊक होतं.

याच्या अगदी उलट चित्र मोठ्या संस्थांचं होतं. लिथुआनिया, लाटविया आणि एस्टोनिया या तीन छोट्या देशांनी ३१ ऑगस्टलाच लुकाशेन्को यांच्यासह ३० अधिकाऱ्यांवर प्रवेशबंदी घातली. युरोपीय संघाचे पहिले निर्बंध आले २ ऑक्टोबरला. त्यांत ४० नावं होती, पण लुकाशेन्को यांचं नाव नव्हतं. ते ६ नोव्हेंबरला जोडलं गेलं. मधल्या काळात घोडं सायप्रसपाशी अडलं होतं. तुर्कस्तानशी असलेल्या आपल्या वादात संघानं आधी कडक भूमिका घ्यावी, असा सायप्रसचा आग्रह होता. सर्वसंमतीच्या नियमामुळे एका सदस्याचा नकार सगळ्यांना थांबवायला पुरेसा होता. मिन्स्कमध्ये दर रविवारी माणसं मार खात होती आणि त्यांच्या नावानं घ्यायचा निर्णय भूमध्य समुद्रातल्या एका सर्वस्वी वेगळ्या भांडणात अडकून पडला होता. मॉस्कोला असा उशीर झाला नाही. २७ ऑगस्टला पुतिन यांनी गरज पडल्यास पाठवायला पोलीस राखीव ठेवल्याचं जाहीर केलं आणि १४ सप्टेंबरला सोचीत लुकाशेन्को यांना दीड अब्ज डॉलरचं कर्ज कबूल केलं. रस्त्यावरच्या माणसांना पाठिंबा तुकड्यातुकड्यानं मिळत होता, सत्तेला तो एकरकमी मिळाला. आंदोलन का हरलं, याची चर्चा करताना हा हिशेब वगळून चालणार नाही.

पैशाची वाट

मला सर्वांत जास्त शिकवलं ते बायसोल या निधीनं. कोरोनाकाळातल्या त्या वर्गणीच्या मोहिमेतल्या आंद्रेई स्ट्रिझाक यांच्यासारख्या माणसांनीच ऑगस्ट २०२० मध्ये तो सुरू केला. त्यामागचा विचार साधा होता. बेलारूसमध्ये मोठे कारखाने सरकारी, शाळा आणि दवाखाने सरकारी, आणि नोकरीही बहुधा ठरावीक मुदतीच्या करारावर. संपावर गेलात तर मुदत संपल्यावर करार पुढे चालू ठेवला जात नाही, किंवा त्याआधीच काढून टाकतात. पोलिसानं राजीनामा द्यायचा ठरवला तर कराराची मुदत पूर्ण केली नाही म्हणून त्याच्याकडून पैसे वसूल केले जातात. म्हणजे अंगावरची वर्दी उतरवायची इच्छा असलेल्या माणसालाही आधी रोख पैशांची जुळवाजुळव करावी लागते. या ठिकाणी बाहेरची मदत नेमकी लागू पडते. जगभर विखुरलेल्या बेलारूसी लोकांनी आणि त्यांच्या मित्रांनी पैसे दिले, आणि बँकांवर नजर असल्यामुळे ते बऱ्याचदा क्रिप्टोच्या मार्गानं आत गेले. संपावर गेलेल्या खाणकामगाराच्या घरचा महिनाभराचा किराणा भरण्यात जी एकजूट आहे, ती कोणत्याही घोषणेपेक्षा मला मोठी वाटते.

राजवटीलाही हे लवकरच कळलं. तिनं मदतीची साखळी उलट्या दिशेनं वापरायला घेतली. बायसोलसारखे निधी ‘अतिरेकी’ ठरवले गेले, म्हणजे त्यांना दिलेला पैसा गुन्हा झाला. २०२० मध्ये अनेकांनी फेसबुकवरून आपल्या नावाच्या कार्डानं छोट्या छोट्या रकमा पाठवल्या होत्या. त्या भाबड्या, उघड देणग्यांची यादी काढून सुरक्षा यंत्रणा दोन-तीन वर्षांनंतर लोकांना बोलावू लागल्या. ‘कबूल करा, आणि दिली होती त्याच्या कित्येक पट रक्कम अमुक सरकारी संस्थेला भरा,’ असा तोडगा पुढे ठेवला जाई. भरूनही काही जणांवर खटले चाललेच. एखाद्या संध्याकाळी जखमी माणसासाठी पाच-दहा युरो पाठवणाऱ्याला तीन वर्षांनंतर त्या पाच-दहा युरोंचा जाब द्यावा लागावा, हे वाचताना पोटात तुटतं.

यापुढची पायरी २३ जानेवारी २०२४ ला गाठली गेली. त्या दिवशी देशभर राजकीय कैद्यांच्या नातेवाइकांच्या घरांवर छापे पडले. ‘आयनीडहेल्पबाय’ या उपक्रमातून कैद्यांच्या घरी खाण्यापिण्याच्या वस्तूंची पार्सलं पोहोचवली जात होती. पार्सल घेणाऱ्यांवर ठपका ठेवला तो अतिरेकी कारवायांसाठी परकी मदत वापरल्याचा. ज्यांचा मुलगा किंवा नवरा आधीच आत होता, त्या म्हाताऱ्या आईबापांना आणि बायकांना घरात आलेल्या तांदूळ-साखरेबद्दल कोर्टात उभं केलं गेलं.

या प्रकरणातून मी काढलेली एक गोष्ट इथेच सांगून टाकतो. बाहेरच्या एकजुटीचं बिल आतला माणूस भरतो. देणारा व्हिल्नियसला किंवा बर्लिनला सुरक्षित असतो आणि पावती मिन्स्कमध्ये सापडते. म्हणून मदत किती दिली याच्याआधी ती कशी दिली हा प्रश्न येतो. मदतीमागे नावांची यादी राहते का? ती कोणाच्या फोनमध्ये आहे? घेणाऱ्यानं स्वतः ती मागितली होती का? २०२० च्या उन्हाळ्यात ही काळजी पुरेशी घेतली गेली नाही, कारण त्या उन्हाळ्यात सगळ्यांना वाटत होतं की शरद ऋतूपर्यंत राजवट जाणार. त्या आशेला मी दोष देत नाही. पण जे आंदोलन जिंकेलच असं वाटतं, तिथेच सावधगिरी सर्वांत आधी सुटते, एवढं नक्की नोंदवून ठेवावं.

पत्रं

२०२० च्या शरदापासून व्हिल्नियस, वॉर्सा, बर्लिन अशा शहरांत लोक संध्याकाळी एकत्र जमून बेलारूसमधल्या कैद्यांना पत्रं लिहू लागले. ‘वियास्ना’ या मानवी हक्क संघटनेनं कैद्यांची नावं, फोटो आणि तुरुंगाचा पत्ता अशी यादी सतत अद्ययावत ठेवली होती. पत्र लिहायचे काही नियम असत. भाषा रशियन किंवा बेलारूसी, म्हणजे तुरुंगातल्या सेन्सॉरला वाचता यावी. खटल्याबद्दल काही नाही, राजकारण नाही. मग लिहायचं काय? आज काय पाहिलं, मांजरानं काय केलं, बाहेर बर्फ पडला का, कोणतं पुस्तक वाचतोय. पाकिटात उत्तरासाठी कोरा कागद घालायचा.

‘मांजराबद्दल लिहून लोकशाही कशी येणार?’ असा प्रश्न कोणी विचारला तर तो मला समजतो. पण कोठडीतल्या माणसाला दररोज सांगितलं जातं की बाहेर तुला सगळे विसरले, तुझ्यासाठी कोणी उभं नाही. तुरुंगाचा निम्मा छळ याच एका वाक्यात असतो. अनोळखी गावातल्या अनोळखी माणसानं मांजराबद्दल लिहिलेलं एक पान ते वाक्य खोटं ठरवतं. तुरुंगाचे अधिकारीही ते पाकीट हातात घेतात आणि या कैद्याचं नाव बाहेर कुणाला तरी माहीत आहे, हे त्यांना कळतं.

राजवटीला पत्रांचं वजन कळलं, याचा पुरावा म्हणजे ती अडवली गेली. अनेक कैद्यांना फक्त जवळच्या नातेवाइकांची पत्रं मिळू लागली आणि पुढे काहींना तीही मिळेनात. ‘अतिरेकाकडे कल असलेला’ अशी नोंद झालेल्या कैद्याच्या कपड्यावर पिवळी पट्टी लावली जाते. गर्दीतही तो वेगळा दिसावा आणि किरकोळ कारणावरून शिक्षा कोठडीत जावा, याची ती सोय. मारिया कोलेस्निकोवा यांची खबर २०२३ च्या सुरुवातीपासून पूर्ण बंद झाली. त्यांना देशाबाहेर हाकलायला ८ सप्टेंबर २०२० रोजी युक्रेनच्या सरहद्दीवर नेलं होतं, तेव्हा त्यांनी गाडीतच स्वतःचा पासपोर्ट फाडला आणि परत फिरल्या. पुढे त्यांना ११ वर्षांची शिक्षा झाली. नोव्हेंबर २०२४ मध्ये वडिलांसोबतचा त्यांचा फोटो बाहेर आला तेव्हा वीसेक महिन्यांनी त्या जिवंत असल्याचं जगाला दिसलं. सर्गेई त्सिखानोवस्की यांच्याबाबतीत हे मौन दोन वर्षांहून लांबलं. स्वेतलाना जगभरच्या व्यासपीठांवर नवऱ्याचा फोटो असलेली फाइल हातात धरून फिरत राहिल्या. त्यांची मागणी एवढीच होती, की तो जिवंत असल्याचा काहीतरी पुरावा द्या.

पत्रं थांबली तेव्हा नावं जिवंत ठेवायची दुसरी पद्धत कामी आली. जर्मनी, स्वित्झर्लंड आणि इतर देशांतल्या शेकडो लोकप्रतिनिधींनी एकेक राजकीय कैदी ‘दत्तक’ घेतला. लिबेरेको या जर्मन-स्विस संस्थेनं ही मोहीम चालवली. दत्तक घेणं म्हणजे त्या एका माणसाची चौकशी करत राहणं, तुरुंगाला पत्र पाठवणं, बेलारूसच्या राजदूताला त्या नावानिशी प्रश्न विचारणं, वाढदिवसाला जाहीरपणे आठवण काढणं. वियास्नाच्या यादीत एका वेळी जवळपास दीड हजार नावं होती. दीड हजार हा आकडा ऐकून माणूस सुन्न होतो आणि तिथेच थांबतो. एक नाव मिळालं की त्याला हातात धरायला काहीतरी सापडतं.

ही यादी ठेवणारे वियास्नाचे संस्थापक आलेस बिआलियात्स्की स्वतः जुलै २०२१ मध्ये त्याच यादीत गेले. २०२२ चं शांततेचं नोबेल रशियातल्या मेमोरियल आणि युक्रेनमधल्या सेंटर फॉर सिव्हिल लिबर्टीज या संस्थांसोबत त्यांना मिळालं, तेव्हा ते कोठडीत होते. मार्च २०२३ मध्ये त्यांना १० वर्षांची शिक्षा सुनावली गेली. नोबेलसुद्धा कुलूप उघडू शकलं नाही.

स्वतःच्या खिशाला झळ

क्रीडाक्षेत्रातला किस्सा लहान आहे, पण नेमका आहे. २०२१ च्या आइस हॉकी विश्वचषकाचं यजमानपद लाटवियासोबत बेलारूसकडे होतं. ११ जानेवारीला हॉकी महासंघाचे अध्यक्ष रेने फासेल मिन्स्कमध्ये लुकाशेन्को यांना मिठी मारताना दिसले. त्यानंतर स्कोडा, निव्हिया आणि लिक्वी मोली या प्रायोजकांनी माघारीचा इशारा दिला, आणि १८ जानेवारीला स्पर्धा मिन्स्कमधून काढून घेतली गेली. देशाबाहेर गेलेल्या खेळाडूंनी त्यासाठी महिनोन्महिने पाठपुरावा केला होता. हॉकीवेड्या राष्ट्राध्यक्षाला ते यश फार बोचलं असणार.

पोटॅशचं प्रकरण इतकं सरळ नाही. जगातल्या पोटॅश खतापैकी साधारण पाचवा हिस्सा बेलारूसमधून येत असे, आणि त्यातला मोठा भाग लिथुआनियाच्या रेल्वेवरून क्लाइपेदा बंदरात जाई. २३ मे २०२१ रोजी अथेन्सहून व्हिल्नियसला चाललेलं रायनएअरचं विमान बॉम्बच्या खोट्या धमकीचं निमित्त करून मिन्स्कला उतरवलं गेलं आणि त्यातले पत्रकार रोमन प्रोतासेविच आणि त्यांची मैत्रीण सोफिया सापेगा यांना अटक झाली. त्यानंतर युरोपीय संघ आणि अमेरिका यांचे खरे आर्थिक निर्बंध आले. तरीही डिसेंबर २०२१ पर्यंत बेलारूसच्या पोटॅशच्या मालगाड्या लिथुआनियातून धावतच होत्या. हे उघडकीला आल्यावर तिथं मोठा गदारोळ झाला आणि परराष्ट्रमंत्री गॅब्रिएलियस लँड्सबर्गिस यांनी राजीनामा देऊ केला. वाहतूक थांबली ती १ फेब्रुवारी २०२२ पासून. साखळीत उभ्या राहिलेल्या देशालाही आपल्या रेल्वेचं आणि बंदराचं उत्पन्न सोडायला दीड वर्ष लागलं. हे मी लिथुआनियाला कमी लेखण्यासाठी लिहीत नाही. त्यांनी शेवटी तोटा सोसलाच, आणि आकारानं कितीतरी मोठ्या देशांनी तेवढंही केलं नाही. पण हात धरून उभं राहणं आणि हातातलं सोडणं यांच्यामधलं अंतर किती असतं, ते या दीड वर्षातून मोजता येतं.

कामगार संघटनांनी आपली वाट स्वतंत्रपणे धरली. एप्रिल २०२२ मध्ये बेलारूसच्या स्वतंत्र कामगार संघटनांचे नेते पकडले गेले. जून २०२३ मध्ये आंतरराष्ट्रीय श्रम संघटनेच्या परिषदेनं आपल्या घटनेच्या ३३ व्या कलमाखाली, म्हणजे शिफारशी न पाळणाऱ्या सदस्य देशावर उपाय योजायची मुभा देणाऱ्या कलमाखाली, बेलारूसविरुद्ध ठराव केला. संघटनेच्या शंभरेक वर्षांच्या इतिहासात हे कलम त्याआधी एकदाच, म्यानमारविरुद्ध, वापरलं गेलं होतं.

सुटका, आणि सुटकेचा भाव

२०२५ मध्ये दारं किलकिली झाली. २१ जूनला अमेरिकी दूत किथ केलॉग यांच्या मिन्स्क भेटीनंतर १४ जण सुटले. त्यांत सर्गेई त्सिखानोवस्की होते. पाच वर्षांत माणूस इतका खंगला होता की त्यांच्या लहान मुलीनं त्यांना ओळखलं नाही. हे सांगताना पत्रकार परिषदेत त्यांना रडू आवरलं नाही. ११ सप्टेंबरला ५२ जण सुटले आणि अमेरिकेनं बेलाविया या सरकारी विमान कंपनीवरचे निर्बंध उठवले. १३ डिसेंबरला १२३ जण सुटले. त्यांत बिआलियात्स्की, कोलेस्निकोवा आणि बाबारिको होते. या वेळी अमेरिकेनं पोटॅशवरचे निर्बंध उठवले.

या सौद्यांबद्दल बेलारूसी निर्वासितांमध्येच दोन मतं आहेत आणि दोन्ही प्रामाणिक आहेत. एक म्हणतं, तुरुंगात माणसं मरत आहेत, एकेक जीव बाहेर काढा, निर्बंध नंतर पुन्हा लावता येतील. दुसरं म्हणतं, एका दारानं माणसं बाहेर काढतात आणि दुसऱ्या दारानं नवी आत घेतात, मग आपण विकत काय घेतोय? माझं मन पहिल्या बाजूकडे झुकतं, कारण एखाद्याची आई जिवंत असेतो तो घरी यावा, याच्यापुढे मला तत्त्व सुचत नाही. पण दुसऱ्या बाजूचं म्हणणं खोडून काढता येत नाही, हेही तितकंच खरं. निर्बंध मुळात होते म्हणूनच बदल्यात द्यायला काहीतरी होतं, ही गोष्ट दोन्ही बाजूंनी मान्य करावी लागते.

शिवाय सुटका म्हणजे बहुतेकांसाठी हद्दपारी. डिसेंबरमधल्या बहुतेकांना युक्रेनमध्ये नेऊन सोडलं. अनेकांच्या हातात पासपोर्टही नव्हता. सप्टेंबर २०२३ च्या फर्मानानुसार बेलारूसच्या वकिलाती परदेशात पासपोर्टचं नूतनीकरण करून देत नाहीत, त्यासाठी मायदेशी जावं लागतं, आणि मायदेशी जाणं म्हणजे अटक. त्यामुळे आता शेजारी देशांपुढे काम आहे ते राहण्याचा परवाना, आजारांवर उपचार, मुलांची शाळा, प्रवासाची कागदपत्रं यांचं. या कामाचे फोटो निघत नाहीत, आणि एकजुटीची वर्षं इथूनच पुढे सुरू होतात.

सप्टेंबरच्या त्या ५२ जणांची बस मेडिनिंकायच्याच नाक्याकडे आली. पाच वर्षांपूर्वी साखळी जिथं थांबली होती, तिथं. बसमध्ये मिकोला स्टॅटकेविच होते, ६९ वर्षांचे. २०१० च्या निवडणुकीत लुकाशेन्कोंविरुद्ध उभे राहिल्यामुळे एकदा शिक्षा भोगून झालेले, आणि २०२० नंतर पुन्हा १४ वर्षांची शिक्षा झालेले. सगळे पलीकडे गेले. ते बसमधून उतरले आणि दोन्ही नाक्यांच्या मधल्या जागेत जाऊन बसले. पुढे लिथुआनिया, तिथं त्यांच्यासाठी माणसं थांबलेली होती. मागे बेलारूस, तिथं तुरुंग होता. आपल्याला आपल्याच देशातून कोणी घालवू शकत नाही, एवढंच त्यांचं म्हणणं. काही तास ते तसेच तिथे बसून राहिले. मग मागच्या बाजूनं तोंडं झाकलेली माणसं आली आणि त्यांना घेऊन परत गेली.